चेहरा झकास, केसांत मात्र काटकसर

नारायण पेठेत बावीस वर्षं पार्लर चालवते, नवऱ्यांचे केस बांधते (नवरी-नवऱ्या, नवरे नव्हेत). काउंटरवर ठेवायला म्हणून गावातल्याच एका दुकानातून 3,200 रुपयांना प्लास्टरचं रोमन बाईचं डोकं आणलं. मूळ संगमरवरी पुतळा रोमच्या कॅपिटोलिन संग्रहालयात आहे, 'फोन्सेका बस्ट' नावाचा, सुमारे 1,900 वर्षांपूर्वीचा. कपाळावर कुरळ्या बटांचा हा उंच डोंगर आणि मागे वेण्यांचा अंबाडा. त्या कारागिराने प्रत्येक बटेच्या मधोमध ड्रिलने खोल भोक पाडलंय. त्यात सावली साठते, म्हणून दगडाचेही केस मोकळे, हलके वाटतात.

आता आमच्या बाई. नाक, ओठ, हनुवटी सुरेख, तक्रार नाही. पण रबरी साचा खोल भोकांतून नीट सुटत नाही, म्हणून भोकं बुजवून टाकलीत. बटा कसल्या, बुंदीचा लाडू कपाळावर थापलाय! डाव्या कानामागे साच्याचा जोड तसाच, घासलेलासुद्धा नाही.

आणि मागे? काहीच नाही. वेणी नाही, अंबाडा नाही, नुसता गुळगुळीत नारळ. दुकानात ती भिंतीला टेकून होती आणि मी फिरवून बघितलं नाही. गिऱ्हाइकाला मागून आरसा दाखवल्याशिवाय खुर्चीवरून उठू न देणारी मी!

मला तर अंबाडाच हवा होता. बाल्टिमोरच्या जॅनेट स्टीव्हन्स या हेअरड्रेसरने 2008 मध्ये लेख लिहून मांडलंय की असल्या केशरचना पिनांनी खोचलेल्या नव्हत्या, सुई-दोऱ्याने शिवलेल्या होत्या. आपल्या धंद्यातली बाई, पटकन पटलं. असिस्टंटच्या वेण्या मी गोधडीच्या सुईने टाचून पाहिल्या. एकही यू-पिन नाही, गंगावन नाही, आणि स्कूटरवरून कात्रजला घरी जाईपर्यंत अंबाडा जागचा हलला नाही. दोरा उसवताना मात्र तिच्या आईने माझा उद्धार केला म्हणे.

डोकं परत न्यायला गेले तर दुकानदार म्हणतो, "ताई, भिंतीला लावून ठेवायचं, मागून कोण बघतंय?"

पार्लरला चारी बाजूंनी आरसे आहेत हो.

दिवाणखान्यातल्या कोनाड्यासाठी हवं असेल तर तीन तारे. माझ्याकडून दीड.