ड्रोनचं आकाश: भारताचा रंगीत नकाशा की युरोपचं यू-स्पेस?

ड्रोन नियम, २०२१ नुसार भारताचं आकाश हिरव्या, पिवळ्या, लाल पट्ट्यांत विभागलेलं आहे. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत उड्डाणाला परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरांत ही मर्यादा २०० फूट. त्यावर पिवळा पट्टा, तिथे हवाई वाहतूक नियंत्रकाची संमती हवी. लाल पट्ट्यासाठी थेट केंद्र सरकारची. शिवारात फवारणी करणाऱ्याला हे सोयीचंच. पण एकाच हिरव्या पट्ट्यात दोन ड्रोन समोरासमोर आले तर? नकाशा त्यांना एकमेकांची खबर देत नाही.

युरोपीय संघाचे यू-स्पेसचे, म्हणजे ड्रोनच्या रहदारीसाठीच्या डिजिटल व्यवस्थेचे, नियम जानेवारी २०२३ पासून लागू आहेत. जाहीर केलेल्या भागात प्रत्येक उड्डाणाला आधी मंजुरी, उडताना ओळख आणि आसपासच्या रहदारीची माहिती बंधनकारक. हवाई नियंत्रणाबाहेरच्या अशा भागात शिरणाऱ्या वैमानिकालाही विमानाचं ठिकाण इलेक्ट्रॉनिक पद्धतीने सतत कळवावं लागतं. मला हीच तरतूद सर्वांत मोलाची वाटते, कारण सगळा भार एकट्या ड्रोनवाल्यावर पडत नाही.

विदर्भातल्या कपाशीवर नकाशा पुरतो. मुंबई-पुण्यावरून पार्सलं उडायची असतील, तर यू-स्पेससारखी व्यवस्था आधी उभी राहायला हवी.