गेम खेळताना आवाज फुटतोय: विंडोज दुरुस्त करू, यूएसबी साउंड कार्ड घेऊ की वायरलेस हेडसेट?

सोलापूरच्या नवी पेठेत कुठल्याही काउंटरवर ‘गेम खेळताना आवाज फुटतो’ एवढंच सांगितलं, की समोर नवा हेडसेट येतो. त्यात दुकानदाराचा दोष नाही, त्यानं तुमच्या घरचा आवाज ऐकलेलाच नसतो. पण यातले निदान दोन आजार असे आहेत, की हेडसेट कितीही भारी घ्या, ते जिथल्या तिथं राहतात. म्हणून पैसे काढण्याआधी पंधरा मिनिटं नुसतं ऐकण्यात घालवा.

कोणता आवाज आहे?

गेम बंद करून डेस्कटॉपवर या, व्हॉल्यूम नेहमीएवढाच ठेवा. काहीच वाजत नसताना ‘घूं’ असा जाड सूर येत राहिला, तर तो घरच्या वायरिंगचा: ५० हर्ट्झ किंवा त्याच्या दुप्पट १०० हर्ट्झ. आता माउस गोल फिरवा, एखादं लांब पान भराभर वर-खाली करा. चिरचिर माउससोबत बदलत असेल, गेमच्या मेन्यूत गेल्यावर बारीक शिट्टी चढत असेल, तर ग्राफिक्स कार्डाचा विद्युत गोंगाट मदरबोर्डच्या ऑडिओत शिरतोय. (हेडफोन कानावरून काढल्यावरही शिट्टी ऐकू आली, तर ती कार्डाच्या कॉइलची आहे. तिचा साउंडशी काही संबंध नाही. फ्रेम रेट कमी केला की तीही कमी होते.)

तिसरा प्रकार म्हणजे तडतड. डेस्कटॉपवर सगळं स्वच्छ, पण नकाशा लोड होताना किंवा गर्दीच्या लढाईत आवाज तुटतो. इथं एक चाचणी फार कामाची आहे. विंडोज, ऑल्ट आणि आर ही बटणं एकत्र दाबून दोन मिनिटं गेम रेकॉर्ड करा आणि ती फाइल मोबाइलवर ऐका. रेकॉर्डिंगमध्येही तडतड असेल तर ती गेममध्ये किंवा विंडोजमध्येच तयार होतेय, म्हणजे जॅक, वायर, हेडसेट बदलून उपयोग नाही. रेकॉर्डिंग स्वच्छ निघालं, तर संशय त्यापुढच्या ड्रायव्हरवर (म्हणजे विंडोजला एखादा भाग चालवायला लागणाऱ्या प्रोग्रॅमवर), पोर्टवर आणि वायरीवर.

फुकटचा पर्याय: विंडोज

तडतड असेल तर सुरुवात इथूनच. विंडोज आवाज साधारण १० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत पुढे सरकवतं. ४८,००० हर्ट्झला एका तुकड्यात ४८० नमुने येतात. मध्येच एखाद्या ड्रायव्हरनं प्रोसेसर अडवून धरला, तर पुढचा तुकडा वेळेत पोचत नाही. पंगतीत वाढप्या दोन ताटं मागं राहावा तसं होतं. म्हणूनच टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू ४० टक्के दिसत असतानाही आवाज फुटू शकतो.

अडवणारा कोण, हे लेटन्सीमॉन या मोफत प्रोग्रॅममध्ये दिसतं. तो सुरू ठेवून दहा मिनिटं गेम खेळा, मग ‘ड्रायव्हर्स’च्या यादीत सर्वाधिक वेळ घेणारं नाव पाहा. आकडा ५०० मायक्रोसेकंदांच्या आत असेल तर काळजी नाही; वारंवार १,००० च्या पुढे जात असेल तर चोर सापडला. ‘एनडीआयएस’ दिसलं तर संशय वाय-फाय किंवा लॅनच्या ड्रायव्हरवर: वाय-फाय बंद करून खेळून पाहा, फरक पडला तर ड्रायव्हर बदला किंवा सरळ लॅन केबल ओढा. ‘एनव्ही’पासून सुरू होणारं लांबलचक नाव एनव्हिडियाच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचं असतं. तिथं ड्रायव्हर नव्यानं टाका आणि एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर मॅनेजमेंट ‘प्रेफर मॅक्झिमम परफॉर्मन्स’वर ठेवा. ‘स्टोअरपोर्ट’ असेल तर डिस्क तपासा, ‘एसीपीआय’ असेल तर बायोसचं, म्हणजे मदरबोर्डमधल्या मूळ सॉफ्टवेअरचं, अपडेट पाहा.

मग साउंडची सेटिंग्ज. ‘मोअर साउंड सेटिंग्ज’मध्ये आपलं डिव्हाइस, त्यात ‘अ‍ॅडव्हान्स्ड’, आणि फॉरमॅट २४ बिट ४८,००० हर्ट्झ. १,९२,००० ठेवून गेमचा आवाज सुधारत नाही, काम मात्र वाढतं. सगळी एन्हान्समेंट्स (आवाज ‘सुधारणारे’ पर्याय) बंद करा. मदरबोर्डसोबत आलेलं ‘थ्रीडी सराउंड’वालं सॉफ्टवेअर काढूनच टाका, तडतडीत त्याचा हात अनेकदा निघतो. तरी थांबलं नाही तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये रिअलटेकच्या (मदरबोर्डवरच्या ऑडिओ चिपच्या) ड्रायव्हरच्या जागी मायक्रोसॉफ्टचा साधा ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ निवडून पाहा. हा बदल दोन मिनिटांचा आहे आणि तसाच परत फिरवता येतो.

६० हर्ट्झच्या मॉनिटरवर गेम १४० फ्रेमनं पळवत असाल तर ६० वर मर्यादा घाला. प्रोसेसरला श्वास मिळतो आणि पुष्कळदा तडतड तिथंच संपते.

एएमडीचा जुना रायझन प्रोसेसर घेतला असेल तर आणखी एक. दर थोड्या वेळानं एक-दोन सेकंद सगळंच अडखळतं आणि आवाजही तुटतो, हा एफटीपीएमचा (प्रोसेसरमधल्या सुरक्षा-यंत्रणेचा) दोष एएमडीनं २०२२ मध्ये मान्य केला होता. एजिसा (बायोसमधला एएमडीचा भाग) १.२.०.७ किंवा त्यापुढचा असलेलं बायोस टाकलं की तो जातो. सेकंडहँड बोर्डावर जुनंच बायोस राहिलेलं असणं अगदी शक्य आहे.

आणि उन्हाळा. मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, खोलीच गरम असते. प्रोसेसर ९५-१०० अंशांना टेकला की वेग स्वतःच खाली आणतो आणि आवाज तुटू लागतो. यंत्रमाग किंवा टॉवेलच्या कारखान्याजवळ घर असेल तर हीटसिंक (प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा ठोकळा) जरूर उघडून बघा: पंखा काढला की पात्यांखाली सुताच्या तंतूंचा करडा थर नमद्यासारखा बसलेला असतो, हवा आत जायला फटच उरलेली नसते. पंख्याची पाती बोटानं धरून ब्लोअर मारा आणि थर्मल पेस्ट वाळली असेल तर नवी लावा. तडतड फक्त दुपारीच होते आणि रात्री बाराला नाही, असं असेल तर दुसरीकडे शोधू नका.

यूएसबी साउंड कार्ड

माउससोबत बदलणाऱ्या चिरचिरीवर सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय हाच. कारण साधं आहे. कॅबिनेटच्या पुढच्या जॅककडे जाणारी बारीक वायर बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डाच्या खालून जाते आणि गोंगाट उचलते. आधी हेडफोन मागच्या हिरव्या जॅकला लावून बघा. तिथं चिरचिर गेली तर कार्डाचीही गरज नाही, दोन मीटरची एक्स्टेंशन वायर पुरते. मागेही राहिली तर यूएसबी कार्ड घ्या. साधं कार्ड काही शे रुपयांत मिळतं आणि त्याहून महागाचं काही या दुखण्यासाठी लागत नाही.

ते मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा, हबमधून नको. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘यूएसबी रूट हब’च्या पॉवर मॅनेजमेंटची टिक काढा, नाहीतर शांततेनंतरच्या पहिल्या आवाजाची सुरुवात कापली जाते. तडतडीवर मात्र याचा भरवसा धरू नका. रिअलटेकचा ड्रायव्हर वाटेतून हटला म्हणून कधी फायदा होतो, पण दुसऱ्याच ड्रायव्हरनं प्रोसेसर अडवला असेल तर यूएसबीचा आवाजही तितकाच तुटतो.

बोर्डाच्या आत बसणारं पीसीआय एक्स्प्रेस साउंड कार्ड? हजारांत पैसे घालून ते पुन्हा ग्राफिक्स कार्डाच्याच शेजारी बसवायचं. नुसत्या गेमसाठी नको.

वायरलेस हेडसेट

अ‍ॅनालॉग वायरच नसल्यानं घूं आणि चिरचिर दोन्ही जातात. पण ब्लूटूथ आणि २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि खोक्यावर दोन्हींना ‘वायरलेस’च लिहिलेलं असतं. साध्या ब्लूटूथला १५० ते २०० मिलिसेकंदांचा उशीर सहज लागतो: गोळी आधी दिसते, मग ऐकू येते. त्यात गेममध्ये माइक सुरू केला की हेडसेट कॉलच्या मोडमध्ये जातो आणि आवाज ८ किंवा १६ किलोहर्ट्झचा, मोनो होतो. अनेकजण यालाच ‘हेडसेट बिघडला’ म्हणतात. वेगळा माइक लावला की आवाज पूर्ववत.

डोंगलवाल्यात हा त्रास नाही. पण डोंगल निळ्या यूएसबी ३ पोर्टला, पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्कच्या शेजारी खुपसलं तर आवाज तुटतो. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, हे इंटेलनं २०१२ मध्येच मोजून मांडलं होतं. उपाय म्हणजे मीटरभर एक्स्टेंशन लावून डोंगल टेबलावर आणणं. राउटरही ५ गिगाहर्ट्झवर न्या. अपार्टमेंटमध्ये शेजाऱ्यांचे वाय-फाय २.४ च्या पट्ट्यात दाटलेले असतात.

घूं जात नसेल तर वायरमन

स्पीकर वापरणाऱ्यांसाठी हा भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि इथं साउंड कार्डाची खरेदी बहुधा वाया जाते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? मग अर्थिंग तुटलेलं आहे. अर्थ नसलेल्या सॉकेटवर एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या) फिल्टरमुळे पत्र्यावर ११५ व्होल्टच्या आसपास दाब येतो. करंट अगदी थोडा असतो, पण स्पीकरमध्ये तो गुणगुणतो.

वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर काम आहे. आपल्याकडची काळी माती एप्रिल-मेमध्ये भेगाळते, रॉडभोवतीची ओल जाते आणि पावसाळ्यात नीट चालणारं अर्थिंग उन्हाळ्यात दुबळं पडतं. खड्ड्यात पाणी सोडा, कोळसा-मीठ नव्यानं भरून घ्या.

अर्थिंग ठीक असूनही घूं येत असेल तर कॅबिनेट, मॉनिटर आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणा. दोन भिंतींवरच्या दोन सॉकेटमधून दिलेला सप्लाय हेच अनेकदा कारण असतं. तेही जमलं नाही तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी स्पीकरच्या वायरीत बसवा. स्वस्तातल्या डबीनं बास थोडा कमी होतो, एवढंच. प्लगची अर्थची पिन कापून घूं घालवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो कदापि ऐकू नका, शॉक बसेल.

लाइट गेल्यावरच गुणगुण वाढते? तो स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर आहे. कॉम्प्युटरचा दोष नाही, साइन वेव्ह इन्व्हर्टर घेईपर्यंत ती राहणार.

घ्यायचंच ठरलं तर

यूएसबी कार्ड घेताना आपल्या हेडसेटची पिन बरोबर न्या. पिनवर तीन काळ्या पट्ट्या असतील तर माइक आणि हेडफोन एकाच पिनमध्ये आहेत, त्यासाठी एकत्र जॅक असलेलं कार्ड लागतं. दोन वेगळे जॅक असलेलं घेतलं तर वर वाय आकाराचा स्प्लिटरही घ्यावा लागेल, नाहीतर माइक मुकाच राहील. दुकानात लावून ऐकण्यावर निर्णय घेऊ नका. तिथलं वायरिंग वेगळं, कॅबिनेट वेगळं. दोन दिवसांत बदलून मिळेल का, ते विचारा आणि बिलावर तसं लिहून घ्या.