रडायची पुस्तकं घरपोच! बडोद्यातल्या काकूंच्या लायब्ररीचा रिव्ह्यू

दांडिया बाजारातल्या एका काकू घरातूनच मराठी पुस्तकांची लायब्ररी चालवतात, पाटी नाही नाव नाही, तळमजल्याच्या खोलीत लोखंडी कपाटं आणि एक टेबल, बस. व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकायचा की पुस्तकं झोळ्यात घालून त्या अॅक्टिव्हावरून आणून देतात. रावपुरा, वाडी, बाबाजीपुरा एवढ्यात घरपोच, अलकापुरीवाल्यांनी स्वतः येऊन न्यायचं. ५०० डिपॉझिट आणि महिन्याला १५०. तसं बडोद्यात पुस्तकं फुकट वाचायला कमी जागा नाहीत म्हणा, मांडवीला सेंट्रल लायब्ररी आहे ना, सयाजीराव महाराजांनी १९१० साली सुरू केलेली, तिथे मराठी विभाग आहे, आणि ते काचेचे मजले बघायला तरी एकदा जाच. त्या काळी महाराज गावोगाव पुस्तकांच्या पेट्या पाठवायचे, फिरतं वाचनालय म्हणून. काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या हो मग, मी तेच करते, फक्त पेटीच्या जागी झोळा.

मी मागवली होती रडवणारी पुस्तकं. हसू नका, मला कधीकधी रात्री सगळे झोपले की मनसोक्त रडायचं असतं आणि सिरीयल बघून आता रडू येत नाही, नुसता राग येतो. तर मेसेजला काकूंचं उत्तर आलं, "कोणावर रडायचंय तुला? आईवर, नवऱ्यावर का इतिहासावर?" तिथेच मी म्हटलं या बाईला धंदा कळतो.

मी म्हटलं तिन्ही पाठवा.

आईवर म्हणजे श्यामची आई येणार हे ठरलेलंच होतं. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या जेलमध्ये लिहिलं हे आपल्याला शाळेत पाठ करून घेतलेलं असतं, पण खरं सांगू का, पायाला माती लागू नये म्हणून आई पदर पसरते तो प्रसिद्ध प्रसंग, तिथे मला काहीच झालं नाही, इतक्यांदा ऐकलंय की डोळ्यात पाणी यायचं राहून गेलं. मला रडवलं शेवटच्या भागाने. कर्ज, सावकाराच्या माणसाने दारात येऊन केलेला अपमान, आणि आईच्या मागोमाग तिची मांजर मथी पण खाणंपिणं सोडते ते. मांजर! मी आई गेली तिथे कशीबशी तग धरून होते आणि मांजरीपाशी घळाघळा. गुरुजी स्वतःच पानोपानी रडतात हे मात्र खरं, आजच्या मुलांना ते जड जाईल, माझा मुलगा चौथ्या रात्रीलाच कंटाळला, आणि पुस्तकात रात्री, म्हणजे प्रकरणं, आहेत ४२.

पण काकूंची कमाल पुढे आहे. त्याच झोळ्यात त्यांनी कोल्हाट्याचं पोर टाकलं होतं, किशोर शांताबाई काळेंचं, १९९४ चं. तिकडे आईचा सगळा जीव मुलात आणि इकडे आई मुलाला आजोळी ठेवून निघून जाते, मुलगा वाट बघत मोठा होतो, तमाशातल्या बायकांच्या त्या घरात मार खात शिकतो, डॉक्टर होतो, आणि नावात बापाच्या जागी आईचंच नाव लावतो. यात तक्रार आहे, राग आहे, पण रडगाणं कुठेच नाही, म्हणून जास्त लागतं. ही दोन लागोपाठ वाचा, मी सांगते, आईवरचं सगळं गोडगोड उतरून जातं. लेखक २००७ मध्ये अपघातात गेले हे ठाऊक असेल तर अजूनच वाईट वाटतं.

इतिहासाचं लवकर उरकते. रणजित देसाईंचं स्वामी आणि विश्वास पाटलांचं पानिपत. स्वामी आमच्या सासूबाईंनी हिसकावून घेतलं आणि थेऊरला माधवराव पेशवे जातात तिथे त्यांचा पदर डोळ्याला, दरवेळचंच आहे. पानिपतात आपले दमाजीराव गायकवाड लढून परत आले म्हणून बडोदेकरांना जरा हायसं वाटतं, बाकी ते पुस्तक वाचून मी रडले नाही, नुसती चिडचिड झाली.

आता नवऱ्यावरचं, म्हणजे स्मृतिचित्रे. लक्ष्मीबाई टिळक. चार भाग, १९३४ ते ३६ मध्ये आले, काकूंकडे एकत्र जाड व्हॉल्यूम आहे. हे रडायचं पुस्तक म्हणून दिलं म्हणून मी आधी काकूंना फोन लावला, काकू यात तर मी खी खी हसतेय! त्या म्हणाल्या वाच पुढे. घरात दाणा नाही आणि टिळक, म्हणजे त्यांचे यजमान कवी ना. वा. टिळक, जे होतं ते कोणाला तरी देऊन आलेत, ही बाई ते असं सांगते की आपण हसतो, आणि मग १८९५ मध्ये नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी येते, मूल पदरात, सोवळ्यात वाढलेली बाई, आणि सूर तोच, एक शब्द वर नाही की खाली नाही. हसता हसता गळा कधी दाटला कळलंच नाही. पाच वर्षांनी ती पण धर्म बदलते, पण त्याच्या मागे फरफटत नाही, सोवळंओवळं स्वतः विचार करून सोडते. मला तर वाटतं लेखक जितका कमी रडतो तितके आपण जास्त रडतो, आणि या बाबतीत लक्ष्मीबाईंच्या जवळपास पण कोणी नाही.

आपल्या बडोद्यातच जन्मलेल्या माधव जूलियनांचं प्रेमस्वरूप आई पण लिस्टमध्ये घ्या म्हटलं तर काकूंनी साफ नाही म्हटलं, एका कवितेचं भाडं कसं लावू?

आता कुरकुर. कव्हरं प्लास्टिकची असल्याने पुस्तकं टिकलीत पण एकाची मधली पानं गायब होती आणि तेही नेमकी ऐन प्रसंगाची. समासात आधीच्या वाचकांनी पेन्सिलीने लिहून ठेवलेलं असतं, "इथे रुमाल घ्या" वगैरे, काकू खोडत नाहीत, म्हणतात राहू दे ने. उशीर झाला तर दिवसाला पाच रुपये, ओळख असो वा नसो. आणि पुस्तक परत करताना तोंडी परीक्षा असते, कुठे रडलीस सांग. ते त्या वहीत लिहून घेतात, कोण कुठल्या पानावर, आणि त्यावरून पुढचं पुस्तक ठरतं. माझ्या नावापुढे "मांजर" लिहिलंय.

पाचपैकी साडेचार. अर्धा गायब पानांचा कापला. नंबर इथे टाकत नाही, अनोळखी फोन काकूंना आवडत नाहीत, दांडिया बाजारात कुठल्याही मराठी घरी विचारा, सांगतील. दया पवारांच्या बलुतंला सध्या वेटिंग आहे आणि माझा नंबर तिसरा, ज्यांच्याकडे अडकलंय त्यांनी प्लीज लवकर परत करा.