ग्लेझ केलेल्या सॅमनसाठी एअर फ्रायर कितपत उपयोगी?

एअर फ्रायरची खरी परीक्षा बटाट्याच्या कापांवर होत नाही, कारण ते कुरकुरीत करणे हे त्याचे मूळ कामच आहे. ग्लेझ लावलेल्या सॅमनच्या बाबतीत मात्र त्याच्याकडून परस्परविरोधी अशा दोन अपेक्षा असतात: वरचा गोडसर-खारट लेप खरपूस आणि चकचकीत व्हावा म्हणून तीव्र उष्णता हवी, आणि आतला मासा ओलसर राहावा म्हणून तीच उष्णता अगदी नेमक्या क्षणी थांबायला हवी. सुमारे चार लिटर क्षमतेचा, ओढून काढायच्या बास्केटचा, १५०० वॉटचा एअर फ्रायर मी बराच काळ मुख्यतः याच पदार्थासाठी वापरत आहे. दोन माणसांच्या रात्रीच्या जेवणासाठी मला तो तवा आणि ओव्हन या दोहोंपेक्षा सरस वाटतो. अट एवढीच की ग्लेझ शेवटच्या दोन-तीन मिनिटांतच लावावे आणि यंत्रावरच्या माशाच्या चित्राच्या बटणावर विसंबू नये.

फिलिप्सने २०१० मध्ये हे उपकरण बाजारात आणले. त्यानंतर अनेक कंपन्यांनी ते बनवले, तरी मूळ रचना तीच राहिली आहे: वरच्या बाजूला तापणारी कॉइल, तिच्यावर पंखा, आणि लहानशा बंदिस्त जागेत वेगाने फिरणारी गरम हवा. म्हणजे तत्त्वतः हा छोटा कन्व्हेक्शन ओव्हनच आहे. पण जागा लहान असल्यामुळे तो तीन-चार मिनिटांत तापतो, आणि हवेचा वेग जास्त असल्यामुळे माशाचा पृष्ठभाग लवकर कोरडा होऊन त्याला रंग चढू लागतो. मत्स्यशेतीतील अटलांटिक सॅमनमध्ये मुळातच भरपूर चरबी असल्यामुळे तेलाचा हलका हात पुरतो. नैसर्गिक पाण्यात पकडलेला सॉकाय सॅमन त्या मानाने बराच कमी चरबीचा असतो आणि लवकर कोरडा पडतो, म्हणून तो मिनिट-दोन मिनिटे आधीच तपासावा लागतो.

माशासाठीचे तयार बटण हा या यंत्राचा मला सर्वांत कमकुवत वाटलेला भाग आहे. ते ठरावीक तापमान आणि ठरावीक वेळ लावते. तुकडा किती जाड आहे हे त्याला कळण्याचा मार्गच नाही, आणि सॅमनचा शिजण्याचा वेळ तर वजनापेक्षा जाडीवरच अधिक अवलंबून असतो. मधोमध अडीच सेंटिमीटर जाडीचा, साधारण १७० ग्रॅमचा तुकडा आधी तापवलेल्या यंत्रात २०० अंश सेल्सियसवर सात ते नऊ मिनिटांत तयार होतो, तर शेपटीकडचा पातळ तुकडा तेवढ्या वेळात चिवट होऊन जातो. त्यामुळे तापमान आणि वेळ स्वतः लावणे आणि टोकदार थर्मामीटर जवळ ठेवणे हाच भरवशाचा मार्ग आहे. अमेरिकेच्या कृषी आणि अन्न खात्यांनी माशासाठी ६३ अंश सेल्सियस हे आतले सुरक्षित तापमान सांगितले आहे. अनेक आचारी मऊपणासाठी मासा ५० ते ५२ अंशांच्या आसपासच बाहेर काढतात. गर्भवती स्त्रिया, वृद्ध किंवा लहान मुले जेवणार असतील तर ६३ अंशांचीच मर्यादा पाळावी.

ग्लेझच्या बाबतीत थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण या पदार्थाचे यशापयश तिथेच ठरते. मधात फ्रुक्टोजचे प्रमाण मोठे असते आणि ही साखर साधारण ११० अंशांपासूनच करपण्याच्या दिशेने जाऊ लागते, तर साध्या साखरेला त्यासाठी १६० अंशांच्या आसपास जावे लागते. २०० अंशांच्या वेगवान हवेत मध सुरुवातीपासून लावला, तर मासा मध्यभागी कच्चा असतानाच त्याच्या कडा काळ्या पडतात आणि लेप कडवट लागतो. म्हणून मासा आधी फक्त मिरपूड आणि थोडे तेल लावून शिजवावा, आणि अखेरच्या टप्प्यात बास्केट बाहेर ओढून ब्रशने ग्लेझ लावावे. दोन मोठे चमचे सोया सॉस, एक मोठा चमचा मध, थोडा व्हिनेगर, किसलेले आले आणि लसूण हे मिश्रण लहान पातेल्यात चमच्याला चिकटण्याइतके दाट आटवून घेणे मला अनिवार्य वाटते. पातळ ग्लेझ माशावर टिकत नाही. ते बास्केटच्या छिद्रांतून खालच्या भांड्यात गळते, तिथे जळते आणि त्याचा धूर माशाला लागतो. कच्चा मासा ज्यात मुरवला ते मिश्रण न उकळता पुन्हा वरून लावणे तर पूर्णपणे टाळावे.

शिजताना तुकड्याच्या बाजूंनी जो पांढरा साका बाहेर येतो, तो माशातलाच प्रथिनांचा अंश असतो. त्यात घातक काही नसते, पण त्याने ग्लेझची तकाकी मात्र बिघडते. एक लिटर पाण्यात सुमारे ५० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात मासा दहा मिनिटे ठेवला आणि नंतर कागदाने कोरडा टिपला, तर हा साका बराच कमी येतो. अर्थात मग ग्लेझमधला सोया सॉस थोडा कमी करावा लागतो.

गोठवलेला मासा आदल्या रात्री फ्रिजमध्ये काढून ठेवायचा असेल, तर निर्वात पाकीट आधी फोडावे, कारण हवा नसलेल्या पाकिटात बोटुलिझम या गंभीर विषबाधेचे जिवाणू वाढण्याचा धोका असतो.

यंत्राच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. कातडी कुरकुरीत हवी असणाऱ्यांना ते समाधान देणार नाही. कातडी खाली ठेवल्यावर तिला पुरेशी हवा लागत नाही, आणि त्या कामात जाड बुडाच्या तव्याला तोड नाही. तुकड्यांमध्ये बोटभर अंतर सोडावे लागत असल्याने एका वेळी दोन, फार तर तीन तुकडे मावतात; चार माणसांसाठी दोनदा यंत्र लावण्यापेक्षा मोठा ओव्हन बरा. छिद्रांचा बेकिंग पेपर मासा चिकटू देत नाही, पण यंत्र रिकामे तापवताना तो आत ठेवू नये, कारण हलका कागद उडून तापलेल्या कॉइलला लागू शकतो.

साफसफाईत खरी कसोटी वाळलेल्या ग्लेझची असते. बास्केट कोमट असतानाच तिच्यात गरम साबणाचे पाणी भरून ठेवले, तर साखर सहज सुटते. तारेची घासणी मात्र नॉनस्टिक थर खरवडून काढते. वरच्या कॉइलवर माशाच्या चरबीचे बारीक शिंतोडे जमतात, ते यंत्र पूर्ण थंड झाल्यावर ओल्या फडक्याने पुसले नाहीत, तर पुढच्या वेळी केकलाही माशाचा वास लागतो. या कॉइलपर्यंत हात सहज पोहोचेल अशी रचना कंपन्यांनी करायला हवी. माझ्या यंत्रात ती अजिबात नाही.

उरलेला तुकडा दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. तो पुन्हा गरम करण्यासाठी मात्र एअर फ्रायर वापरू नये, कारण त्याच वेगवान हवेने मासा कोरडा पडतो. थंडच मोकळा करून सॅलडमध्ये घातलेला ग्लेझ्ड सॅमन अधिक चवदार लागतो.