गुडघ्यांखालची गादी: नऊ महिन्यांचा अनुभव

आमच्या भगिनी मंडळाची पहाटेची प्रार्थना पाच वाजता असते. आम्ही सहाजणी, त्यातल्या चौघी साठीच्या पुढच्या. चर्चच्या बाजूच्या खोलीत शहाबादी फरशी. सतरंजीवर गुडघे टेकले की दहाव्या मिनिटाला कळ यायची आणि पंधराव्याला ‘आमेन’. खुर्च्यांवर बसून पाहिलं, तर डुलक्या लागायच्या. म्हणून दिवाळीनंतर नगरच्या एका गादीवाल्याकडून गुडघे टेकायला सहा छोट्या गाद्या करून घेतल्या. कुणाला करून घ्यायच्या असतील तर उपयोग होईल म्हणून लिहिते.

माप दीड फूट बाय एक फूट, जाडी चार इंच. खाली दाबून भरलेला काथ्या, वर दोन बोटं कापूस. नुसता कापूस भरू नका, गुडघ्यांच्या जागी खड्डा पडतो आणि हाड फरशीला लागतं. खोळ जाड सुती कापडाची घ्या. आम्ही आधी रेक्झिन लावलं होतं, त्यावर साडी घसरायची. प्रत्येकी साडेचारशे रुपये पडले. दोन गाद्यांची शिवण तिसऱ्या आठवड्यात उसवली, पण कारागिराने एक पैसा न घेता दुहेरी टीप मारून दिली. पावसाळ्यात काथ्या दमट होतो, ऊन पडेल तेव्हा गच्चीवर टाकाव्या लागतात. ज्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यांनी मात्र खुर्चीतच बसावं.

आता खरं सांगायचं ते. पहिली पंधरा मिनिटं आमच्या मागण्यांत जातात. नातवाची परीक्षा, कुणाची शुगर, मुलाची नोकरी. प्रभूने मागायला सांगितलंय, आम्ही मागतो. पण मागण्या संपल्यावरही गुडघ्यांवर राहिलं, की आधी काही सुचतच नाही आणि मग आपलं मन आपल्याला दिसायला लागतं. पूर्वी आम्ही नेमक्या तिथेच उठत होतो. फेब्रुवारीतल्या एका पहाटे बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग माझ्या शेजारची बहीण म्हणाली, “प्रभू, मी माझ्या जावेशी अकरा वर्षं बोलले नाही.” पुढे तिला बोलवेना. गादीच्या खोळीची कड तिने मुठीत घट्ट धरली होती. त्याच संध्याकाळी तिने जावेला फोन केला. मी चाळीस वर्षं संडे स्कूलमध्ये मुलांना प्रार्थना शिकवली, आणि माझी स्वतःची प्रार्थना पाठांतर झाली होती, हे मला त्या पहाटे कळलं.

माझी पणजी दुष्काळात पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात आलेल्या मुलींपैकी. दौंडजवळच्या केडगावात 1905च्या जानेवारीत रमाबाईंनी संजीवनासाठी, म्हणजे विश्वासाला नवी जाग यावी म्हणून, रोज प्रार्थना करायला कोण येईल असं विचारलं, तेव्हा सत्तर जणी पुढे आल्या. जूनअखेर पवित्र आत्म्याचं काम उघड दिसू लागलं, मुली रडत पापं कबूल करू लागल्या, तोवर साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा जमत होत्या. संजीवनाचं नाव निघालं की लोक जूनबद्दल बोलतात. माझं मन मधल्या महिन्यांपाशी थांबतं. काहीही दिसत नसताना त्या रोज येत राहिल्या. पणजी म्हातारपणीही गोणपाटाची चौपदरी घडी घालून त्यावर गुडघे टेकायची, असं आजी सांगायची. कळकळीची प्रार्थना म्हणजे मोठ्याने केलेली, असं मला लहानपणी वाटायचं. पणजीचे तर ओठही हलत नसत म्हणे.

आमच्या मंडळीत अजून मोठं काही घडलेलं नाही. आम्ही मात्र आता पाऊण तास बसतो, आणि पाळकांच्या कानावर आमच्यातली भांडणं पूर्वीइतकी जात नाहीत. गेल्या महिन्यापासून दोघी तरुण सुना यायला लागल्या आहेत. त्यांच्यासाठी त्याच गादीवाल्याकडे आणखी दोन गाद्या टाकल्यात, आणि या वेळी दुहेरी टीप आधीच सांगून ठेवली आहे.