दम्याच्या मुलाची थायरॉइड तपासणी: आत्ता, सहा आठवड्यांनी की नकोच?

दमा असलेलं मूल उंचीला खुंटलं, अंगानं सुटलं किंवा दिवसभर मरगळलेलं दिसू लागलं, की थायरॉइडची शंका येते. शंका रास्त आहे. पण रक्त कधी दिलं, हे माहीत नसेल तर अहवाल नीट वाचताच येत नाही, आणि गोंधळ बहुतेक वेळा तिथेच होतो.

आत्ता की थांबून?

दम्याच्या जोरदार अटॅकमध्ये शरीर टी-४ चं (थायरॉइड ग्रंथीतून येणारं मुख्य हार्मोन) टी-३ मध्ये (त्याचं जास्त प्रभावी रूप) होणारं रूपांतर कमी करतं. त्यात तोंडावाटे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असेल, तर तेही हे रूपांतर अडवतं आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येणारं टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) दाबतं. मग थायरॉइड ग्रंथी ठणठणीत असूनही टी-३ आणि टीएसएच दोन्ही कमी दिसतात. मूल सावरू लागलं की उलट होतं: टीएसएच काही काळ वर जातं, कधी १० च्याही पुढे. तेवढ्या एका आकड्यावर थायरॉइडची गोळी (थायरॉक्सिन) सुरू झाली, तर मूल ती वर्षानुवर्षं विनाकारण घेत राहू शकतं. म्हणून अटॅक ओसरून आणि तोंडावाटेचं स्टेरॉइड संपून सुमारे ६ आठवडे झाले, की टीएसएच आणि फ्री टी-४ (रक्तातलं मोकळं टी-४) या तपासण्या एकत्र कराव्यात. बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) असलेलं टॉनिक निदान दोन दिवस आधी थांबवावं, कारण त्यानं आकडे खोटे येऊ शकतात.

गळ्याशी सूज दिसत असेल, झोपेतही नाडी जलद असेल किंवा उंची जवळजवळ थांबलीच असेल, तर मात्र वाट पाहू नये. वाढलेली ग्रंथी श्वासनलिका दाबत असेल, तर आवाज मुख्यतः श्वास आत घेताना येतो. दम्याची शिट्टी बहुधा सोडताना. पंपानं जराही न हलणारा ‘दमा’ असेल, तर गळा तपासलाच पाहिजे.

उंची: पंप की थायरॉइड?

स्टेरॉइडच्या पंपामुळे पहिल्या वर्षी वाढ साधारण अर्ध्या सेंटीमीटरनं मागे पडते. ही तूट दरवर्षी तेवढीच वाढत नाही. वयात येण्याआधी शाळकरी मूल वर्षाला ५ ते ६ सेंमी वाढतं. वेग ४ सेंमीच्या खाली गेला, वजन चढत राहिलं, सोबत बद्धकोष्ठता आणि थंडी न सोसणं असेल, तर केवळ पंपाला दोष देऊन चालणार नाही. तोंडावाटे स्टेरॉइडचे कोर्स वरचेवर झाले असतील, तर तेही हेच चित्र उभं करतात, म्हणून कोर्सच्या तारखा लिहून ठेवाव्यात. उंची दर ३ ते ६ महिन्यांनी, अनवाणी, त्याच जागी मोजावी. पंप मनानं बंद करू नये. ताब्यात नसलेला दमाही वाढ रोखतो.

धडधड आणि थरथर

साल्ब्युटामॉल या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधानंतरची थरथर काही तासांत उतरते. रक्तात थायरॉइडचं हार्मोन वाढलेलं असेल तर ती दिवसभर राहते, भूक असूनही वजन घटतं आणि दमाही बिघडतो. धडधडीसाठी एरवी दिलं जाणारं प्रोप्रॅनोलॉल दम्यात श्वासनलिका आवळतं, त्यामुळे डॉक्टरांना दमा असल्याचं आधी सांगावं.

तपासणी नकोच, कधी?

उंची नेहमीच्या रेषेवर आहे, लक्षणं नाहीत, फक्त दमा आहे: तपासणीची गरज नाही. टाइप १ मधुमेह किंवा डाउन सिंड्रोम असेल तर गोष्ट वेगळी. फ्री टी-४ नॉर्मल आणि टीएसएच ५ ते १० च्या दरम्यान, विशेषतः वजन जास्त असलेल्या मुलात, आलं तर गोळीची घाई न करता अँटी-टीपीओसह (थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडीची चाचणी) फेरतपासणी करणं बरं.

गोळी ठरलीच तर

स्टेरॉइडचा मोठा डोस बरेच महिने चालला असेल आणि मूल थकलेलं, उलट्या करणारं असेल, तर थायरॉक्सिनआधी सकाळी ८ च्या सुमारास कॉर्टिसोल (अ‍ॅड्रिनल ग्रंथीत तयार होणारं शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड) तपासावं. मूत्रपिंडांवरच्या या अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुस्त असताना थायरॉक्सिन सुरू केल्यास जिवावर बेतू शकतं. गोळी रिकाम्या पोटी द्यावी, लोह आणि कॅल्शियम त्यापासून ४ तास दूर. ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासावं. दम्याचं थिओफिलिन हे औषध चालू असेल तर त्याची पातळीही पाहावी: थायरॉइड सुधारलं की शरीर ते अधिक वेगानं बाहेर टाकतं आणि पूर्वीचा डोस अपुरा पडतो.