न्यू जर्सीत पिस्तुलाचं परमिट 'ऑनलाइन' काढायला जाऊ नका

मी मिडलसेक्स काउंटीत भागीदारीत लिकर स्टोअर चालवतो, बारा वर्षं झाली. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या शेजारच्या फोनच्या दुकानात रात्री दोघं जण पिस्तूल घेऊन शिरले. काउंटरवरचा मुलगा वाचला, गल्ला गेला. त्या रात्रीपासून दिवसभराची कॅश पिशवीत घेऊन पार्किंगमधून गाडीपर्यंत चालत जायचे ते साठ-सत्तर पावलांचे अंतर मला फार लांब वाटायला लागलं. "बसलात का गाडीत?" असं विचारत बायको फोन धरून ठेवायची, मी दार लावल्याचा आवाज ऐकल्याशिवाय ठेवायची नाही.

हे आधी सांगतो, कारण मी फसलो तो हौसेपोटी नाही, भीतीपोटी. आणि अशीच भीती मनात असलेले आपले बरेच लोक इथे आहेत. दुकानदार आहेत, घरात सोनं ठेवणारी कुटुंबं आहेत, रात्रपाळी करणारे आहेत. माझा अनुभव त्यांच्या कामी यावा.

फेसबुकवर जाहिरात दिसली. न्यू जर्सीचे रहिवासी पात्र आहेत, घरबसल्या परीक्षा द्या, तीसहून जास्त राज्यांत चालणारं कन्सील्ड कॅरी मिळवा. म्हणजे अंगावर झाकून पिस्तूल बाळगायचं परमिट. सुरुवात फुकट होती. अर्ध्या तासाचा व्हिडिओ, मग वीस प्रश्न. दोन उत्तरं चुकली तर स्क्रीनने बरोबर उत्तर दाखवलं आणि पुन्हा संधी दिली. पास झालो. सर्टिफिकेट हवं तर ६५ डॉलर. क्रेडिट कार्डाने भरले.

दुसऱ्याच दिवशी फोन आला. माणूस अगदी शांत बोलणारा, सर-सर करणारा. म्हणाला, न्यू जर्सी फार कडक राज्य आहे, तिथला अर्ज वर्षानुवर्षं लटकतो. म्हणून आम्ही तुमचं व्हर्जिनियाचं नॉन-रेसिडेंट, म्हणजे त्या राज्यात न राहणाऱ्यांना मिळणारं, परमिट काढून देतो, ते तुमच्याकडे चालतं. प्रोसेसिंगचे २८५. शिवाय न्यू जर्सीत परमिटवाल्याला विमा सक्तीचा आहे, त्याचे १२०. घरात आणखी कोणी असेल तर त्याचं निम्म्या दरात करून देऊ.

घरात माझा भाचा होता. ताईचा मुलगा, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, पिस्कॅटवेला नोकरी करतो, आमच्याकडे राहतो आणि शनिवार-रविवार दुकानात येऊन सोबत करतो. मी त्यालाही विचारलं, तो म्हणाला, "मामा, तुम्ही घेताय तर माझंही होऊन जाऊ दे." त्याचे १४० भरले. हे सगळे पैसे मी 'झेल'ने, म्हणजे बँक खात्यातून थेट पैसे पाठवायच्या सोयीने, पाठवले, कारण "सरकारी फी कार्डाने घेता येत नाही" असं त्याने सांगितलं. सोबत माझा सोशल सिक्युरिटी नंबर आणि ग्रीन कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो दिले. एकूण ६१० डॉलर गेले.

तीन आठवड्यांनी कार्ड आलं. ते कसं होतं ते नीट सांगतो, कारण तुमच्यापैकी कोणाच्या पाकिटात तसलंच असू शकतं. गडद निळं, ड्रायव्हिंग लायसन्सएवढं, वर सोनेरी गरुड, तिरपं धरलं की चमकणारा चौकोन, माझा फोटो आणि मोठ्या अक्षरांत 'कन्सील्ड कॅरी'. कोणत्याही राज्याचं नाव नाही. अगदी खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की सदर व्यक्तीने प्रशिक्षण पूर्ण केलं आहे. ती ओळ मी तेव्हा वाचलीच नाही. बायकोने कार्ड देवापुढे ठेवलं, हळदकुंकू लावलं. नवऱ्याच्या जिवाची काळजी असलेली बाई आणखी काय करणार?

भाच्याचं कार्डही आलं. सोबत निरोप होता की शनिवारी सकाळी नेमबाजीच्या अमुक रेंजवर दोघांनी या, पिस्तुलं आम्ही देऊ, तासभर सराव करून घेऊ.

त्याच आठवड्यात गुरुवारी मी पिस्तूल बघायला बंदुकांच्या दुकानात गेलो. काउंटरवर साठीचा माणूस होता. त्याने पहिला प्रश्न केला, एफआयडी कार्ड (बंदूक खरेदीदाराचं ओळखपत्र) आणि परचेस परमिट (पिस्तूल विकत घ्यायचं) आणलंय का? मी निळं कार्ड पुढे केलं. त्याने गळ्यातला चष्मा लावला, कार्ड दिव्याखाली धरलं, अंगठ्याने कोपऱ्यातलं कुंकू पुसलं आणि त्याखालची ती बारीक ओळ मला वाचून दाखवली. मग म्हणाला, हे परमिट नाही, तुम्ही एक व्हिडिओ पाहिल्याची पावती आहे. तुम्ही हे घेऊन कधी पिस्तूल बाळगलं नाहीत ना?

मी म्हटलं, पिस्तूलच नाही अजून. त्याने सुस्कारा सोडला. गिऱ्हाईक नव्हतं, तरी त्याने मला जवळजवळ पाऊण तास दिला. त्याने सांगितलेलं मी नंतर राज्याच्या कागदपत्रांवरून पडताळून घेतलं.

न्यू जर्सी दुसऱ्या कोणत्याही राज्याचं परमिट मानत नाही. एकाही नाही. व्हर्जिनियाचं खरंखुरं परमिट असतं तरी डेलावेअर नदी ओलांडून इकडे आल्यावर त्याचा उपयोग शून्य. शिवाय व्हर्जिनियाने १ जानेवारी २०२१ पासून परमिटसाठी ऑनलाइन प्रशिक्षण बंदच केलंय, समोर बसूनच शिकावं लागतं. म्हणजे मला जे विकलं ते व्हर्जिनियातही चाललं नसतं. आणि 'तीसहून जास्त राज्यां'चं काय? एकोणतीस राज्यांत प्रौढ माणसाला परमिटशिवायच पिस्तूल बाळगता येतं. तीच राज्यं मोजून आकडा फुगवलेला होता.

परमिट नसताना न्यू जर्सीत जवळ पिस्तूल सापडलं तर तो सेकंड डिग्री गुन्हा आहे, पाच ते दहा वर्षं. त्यातही बंदुकीच्या गुन्ह्यांसाठीच्या ग्रेव्ह्ज कायद्यानुसार साधारणपणे किमान साडेतीन वर्षं पॅरोल मिळत नाही. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक आई इथे गाडी चालवत होती, पेनसिल्व्हेनियाचं खरं परमिट तिच्याकडे होतं. पोलिसांनी गाडी थांबवली तेव्हा पिस्तूल आहे हे तिने स्वतःच सांगितलं. तिला अटक झाली, तुरुंगात राहावं लागलं. पुढे गव्हर्नर क्रिस्टी यांनी २०१५ मध्ये तिला माफी दिली. खरं परमिट असलेल्या बाईची ही गत, मग माझं ते निळं प्लास्टिक घेऊन मी पार्किंगमध्ये उभा असतो तर?

निघता निघता मी सहज म्हटलं, शनिवारी भाचाही रेंजवर येणार आहे. त्याने विचारलं, तो सिटिझन की ग्रीन कार्ड? मी म्हटलं, एच-१बी. त्या माणसाने हातातलं पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, त्याला बंदुकीला हात लावू देऊ नका.

एच-१बीसारख्या नॉन-इमिग्रंट, म्हणजे ठरावीक मुदतीच्या, व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर सुटका नाही. भाड्याची असो की रेंजवरची, हातात घेतली तरी प्रकरण होऊ शकतं. शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत, आणि त्यानंतर मायदेशी पाठवणी. बंदूक विकत घेताना जो ४४७३ नंबरचा फॉर्म भरतात त्यात हा प्रश्न सरळ विचारलेला असतो. माझ्याकडून १४० डॉलर घेणाऱ्याने तो विचारला नाही. त्याला भाच्याच्या व्हिसाशी काही देणंघेणंच नव्हतं.

घरी येऊन भाच्याला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. घास तसाच राहिला. "मामा, मला त्यांनी व्हिसाचं विचारलंच नाही," एवढंच बोलला. ताईने मिरजेहून कर्ज काढून त्याला इथे एमएस करायला पाठवलं होतं. मी त्याला स्वतःच्या गाडीत बसवून त्या रेंजवर नेणार होतो. पैसे गेल्याचं दुःख मला आता फारसं नाही, पण हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो. एच-१बी, एल-१, एफ-१ वर असलेल्या मुलांनो, मित्रांनी कितीही आग्रह केला, 'रेंजवर सगळेच जातात' असं कोणी म्हणालं, तरी आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा.

आता विम्याचं. २२ डिसेंबर २०२२ ला न्यू जर्सीने नवा कायदा केला, त्यात विम्याची अट होती खरी. पण ती १ जुलै २०२३ पासून लागू व्हायच्या आतच मे महिन्यात फेडरल कोर्टाने थांबवली. म्हणजे फोनवरच्या त्या माणसाने मला अर्धं खरं सांगून १२० डॉलर काढले. हे लोक असंच करतात, एका खऱ्या गोष्टीला धरून चार खोट्या विकतात. खरी प्रक्रिया अवघड आहे, महाग आहे, हेही खरंच. म्हणून तर आपण त्यांच्या फोनवर विश्वास ठेवतो.

ती खरी प्रक्रिया मी आता करतोय. २३ जून २०२२ च्या सुप्रीम कोर्टाच्या ब्रुएन निकालाआधी इथे 'विशेष गरज' सिद्ध करावी लागायची, सामान्य माणसाला परमिट मिळतच नव्हतं. आता मिळतं, पण राज्याने फी वाढवली. एफआयडी कार्ड आधी ५ डॉलरचं होतं, ते ५० झालं. पिस्तूल विकत घ्यायचं परमिट २ वरून २५, तेही प्रत्येक पिस्तुलाला वेगळं. बाळगायच्या परमिटच्या अर्जाला २००. बोटांच्या ठशांचे वेगळे पैसे. रेंजवर प्रशिक्षकासमोर पन्नास गोळ्या झाडायच्या, त्यातल्या चाळीस तरी निशाण्यावर हव्यात. माझ्या प्रशिक्षकाचे आणि गोळ्यांचे मिळून साडेतीनशे झाले. त्यात पिस्तुलाची किंमत धरलेलीच नाही. आणि परमिट दोनच वर्षांचं, पुढे पुन्हा दोनशे डॉलर, पुन्हा परीक्षा. मला विचाराल तर रात्री गल्ला घेऊन चालणाऱ्या छोट्या दुकानदारावर हा बोजा जास्तच आहे, आणि हे मी आमच्या असेंब्लीच्या प्रतिनिधीला पत्र लिहूनही कळवलंय. पण बोजा आहे म्हणून आडवाटेने गेलो तर तुरुंगाचं दार आहे.

पैशापेक्षा मला जड गेलं ते चार माणसांचं. तुम्हाला किमान तीन वर्षं ओळखणारी, नात्यातली नसलेली चार माणसं तुमच्या चांगल्या वर्तणुकीची ग्वाही द्यायला लागतात. फोनवरच्या त्या माणसाने "रेफरन्सेस आम्ही लावू" असंही म्हटलं होतं. कोणी असं म्हणालं तर तिथेच फोन ठेवा, अर्जात खोटी माहिती देणं हा तुमचा गुन्हा होतो, त्याचा नाही.

पैशांचं झालं ते असं. कार्डाने भरलेले ६५ डॉलर बँकेने तक्रारीनंतर परत दिले. झेलने गेलेले ५४५ गेले ते गेलेच, मी स्वतःच्या हाताने पाठवले म्हणून बँकेने हात वर केले. ग्राहकांची फसवणूक बघणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनकडे (एफटीसी), एफबीआयच्या आयसी-थ्री या इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रार केंद्रावर आणि राज्याच्या कन्झ्युमर अफेअर्स विभागाकडे तक्रार नोंदवली. सोशल सिक्युरिटी नंबर दिला होता म्हणून इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही क्रेडिट कंपन्यांकडे क्रेडिट फ्रीझ केलं, म्हणजे माझ्या नावावर दुसऱ्या कोणाला कर्ज काढता येऊ नये. त्याला एक पैसा लागत नाही, वीस-वीस मिनिटं लागतात. ते त्याच रात्री करायला हवं होतं, मी नऊ दिवस लाजेपोटी घालवले.

आणि शंका असेल तर कोणाला विचारायचं, तर आपल्या गावच्या पोलिसांच्या रेकॉर्ड विभागाला. मला वाटलं होतं, पिस्तुलाचं नाव काढलं की संशयाने बघतील. खिडकीतल्या बाईंनी एक छापील कागद दिला, त्यावर काय काय लागतं ते सगळं होतं, आणि म्हणाल्या, अडलात तर या.

मी अडलोय ते चौथ्या नावाशी. तिघांनी होकार दिला. चौथे आमच्या मंडळातले जुने स्नेही, त्यांनी विचारलं, "तुला पिस्तूल कशाला हवं रे?" मी त्यांना एकदा रात्री दहाला दुकानावर या म्हटलंय. या शुक्रवारी येणार आहेत.